जुन्या मर्सिडीजच्या बसलेल्या पुढच्या स्प्रिंगा आणि जळगावची एक कार्यशाळा

आमच्या घरी १९९६ सालची मर्सिडीज-बेंझ ई २२० आहे. रावेरला केळीचा व्यापार करणाऱ्या माझ्या थोरल्या मामांनी ती हौसेने घेतली होती. त्यांच्या पश्चात ती भंगारात जाईल, या एकाच धास्तीपोटी मी ती जळगावला आणली. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ज्या गाड्यांची जोडणी सुरू केली, त्या डब्ल्यू १२४ या मालिकेतील ही गाडी आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे, पत्रा शाबूत आहे. मात्र गेली तीन वर्षे गाडी पुढून बसत चालली होती, आणि त्यातही डावा कोपरा अधिक. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेने गेल्या हिवाळ्यात हे दुखणे दूर केले. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. कार्यशाळेत एकच पिट (गाडीखाली उतरून काम करण्याचा खड्डा) आणि तीनच माणसे असल्यामुळे 'नाव छापू नका सर, गर्दी झेपत नाही' अशी मालकांची विनंती आहे. ती मी पाळतो. ज्याला खरोखर गरज आहे त्याने मला खासगीत विचारावे.

दुखणे आधी सांगतो, कारण पुष्कळांच्या जुन्या गाड्यांना ते असते आणि वयाचा दोष म्हणून सोडून दिले जाते. गतिरोधकावरून उतरताना पुढचा बंपर खालून घासत असे. चोपडा आणि अमळनेरकडच्या काळ्या मातीवरील रस्ते पावसाळ्यानंतर लाटेसारखे उठतात. तशा रस्त्यावर गाडी खाली जाऊन 'ठक्' असा आवाज करीत थांबत असे. हा आवाज रबरी स्टॉपरवर आपटल्याचा असतो. डाव्या पुढच्या टायरची आतली कड झिजत होती. उभी गाडी समोरून पाहिली की ती एका खांद्याने किंचित झुकल्यासारखी दिसे, पण नजरेला दिसते त्यावर विसंबू नये हे मला पुढे कळायचे होते.

या कार्यशाळेत पोहोचण्यापूर्वी मी दोन ठिकाणी पैसे घालवले. पहिल्या गॅरेजने गाडीला हातसुद्धा न लावता 'शॉकअप गेले' असा निकाल दिला आणि पुढचे दोन्ही शॉकअप बदलून तेवीस हजारांचे बिल हाती ठेवले. गाडीची उंची होती तेवढीच राहिली, आणि ती तशी राहणारच होती. गाडीचे वजन शॉकअप तोलत नाही, ते स्प्रिंग तोलते. शॉकअपचे काम स्प्रिंगचे हेलकावे शमवण्याचे. शॉकअप खराब झाला तर धक्क्यानंतर गाडी डोलत राहते, उभी गाडी खाली बसत नाही. माझी सारी नोकरी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली, तरीही त्या दिवशी काउंटरपाशी उभे राहून मी मान डोलावली, याची आजही लाज वाटते. दुसऱ्या गॅरेजने स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे जाड बफर खुपसून दिले. गाडी चार बोटे उचलली गेली आणि मी आनंदाने घरी आलो. महिनाभरात मात्र ती बैलगाडीसारखी आदळू लागली. स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि मोकळेपणी काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येवर ठरते. बफरने दोन वेटोळी जखडली की उरलेल्यांवर सारा भार येतो, स्प्रिंग अकारण कडक होते आणि जिथे बफर टेकतो तिथेच ताण साचतो. असा बफर बसलेल्या स्प्रिंगचा दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

तिसऱ्या जागी गाडी नेली तेव्हा मालकांचे वडील दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मुलाला एवढेच म्हणाले, "पहिले मोज, मंग खोल." या कार्यशाळेचे जे काही वेगळेपण आहे ते या चार शब्दांत आहे, म्हणून मापनाबद्दल सविस्तर लिहितो.

सुरुवातीला त्यांनी मधले ते रबरी बफर काढून टाकले, चारही टायरमधील हवा सारखी केली, डिकीतील माझे सामान उतरवले आणि टाकी किती भरलेली आहे याची नोंद घेतली. नंतर गाडी सपाट फरशीवर काही मीटर पुढे-मागे ढकलली आणि चारही कोपरे हाताने दाबून सोडले. जॅकवरून उतरवलेल्या गाडीची चाके बाहेर फाकण्याऐवजी आत दुमडलेली राहतात आणि त्यामुळे उंची खोटी भरते. गाडी ढकलली की ती आपल्या खऱ्या जागी बसते. माप त्यांनी जमिनीपासून घेतले नाही, कारण त्यात टायरची झीज मिसळते. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर त्यांनी मोजले: उजवीकडे ३५८ मिलिमीटर, डावीकडे ३४१. मर्सिडीजची स्वतःची पद्धत याहून नेमकी आहे. तीत खालच्या आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, उतार अंशांत मोजतात, कारण मडगार्ड एखाद्या अपघातानंतर ठोकून बसवलेला असू शकतो, आर्म मात्र खोटे बोलत नाही. या लोकांनी तोही उतार मोजला आणि दोन्ही मापे एका जाड वहीत गाडीच्या क्रमांकासमोर लिहिली. वहीची अशी सवय जिल्ह्यात मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

पुढची कसोटी मला विशेष आवडली. पुढचा डावा कोपरा खाली असला तरी दोष पुढेच आहे असे नव्हे. मागची एखादी स्प्रिंग बसली असेल तर गाडी मागून कलते आणि तो कल पुढेही उतरतो. हे तपासण्यासाठी त्यांनी गाडीचा मागचा भाग बरोबर मध्यावर, एकाच ट्रॉली जॅकवर, चाके जेमतेम जमिनीवरून सुटतील इतका उचलला. मागचा आधार एका बिंदूवर आला की मागचा भाग तराजूच्या दांडीसारखा मोकळा होतो आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगांवर सारखाच भार येतो. त्या स्थितीत उरणारा उंचीचा फरक निव्वळ पुढच्या बाजूचा असतो. दोष मागे असता तर फरक नाहीसा झाला असता. माझ्या गाडीत तो १७ वरून १९ मिलिमीटर झाला. मागचा भाग आजवर पुढची खोट थोडीफार सांभाळून घेत होता, हे त्यातून उघड झाले. बीएस्सीच्या मुलांना तरफ आणि समतोल शिकवताना हे उदाहरण मला कधी सुचले नाही.

गाडी उतरवेपर्यंत चहा आला आणि उन्हाळ्याचा विषय निघाला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि स्प्रिंगा बसतात त्या या उन्हानेच, असा खानदेशात पक्का समज आहे. मामांचाही होता, ते गाडीला दुपारी कडुलिंबाखालून हलू देत नसत. पोलादाच्या दृष्टीने हे तापमान काहीच नाही. स्प्रिंगच्या पोलादाचे पाणी बिघडायला काही शे अंशांची आच लागते, जी गॅसच्या नळीने स्प्रिंग तापवून 'सेट' करणारे महाभाग हमखास देतात. स्प्रिंग बसते ती अनेक वर्षे भाराखाली राहून, वरचेवर पूर्ण दबून. तिची ताठरता तीच राहते, मोकळी लांबी मात्र कमी होते. उन्हाचा खरा मार बसतो रबराला: स्प्रिंगच्या डोक्यावरच्या गादीला आणि आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशांना. तेव्हा मामांच्या कडुलिंबाचा अगदीच उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही.

आता उघडण्याचा टप्पा. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअपवर गुंफलेली नसते. ती वेगळी, आतल्या बाजूला, खालच्या आर्मची वाटी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये दाबून बसवलेली असते. चाक आर्मच्या बाहेरच्या टोकाला आणि स्प्रिंग आत, म्हणजे तरफेच्या नियमाने चाकावरच्या वजनाहून स्प्रिंगवरचा जोर अधिक. माझ्या हिशेबाने पाचशे किलोच्या आसपास. आर्म जॅकवर धरून, स्प्रिंगला दोर किंवा साखळी बांधून हळूहळू खाली सोडण्याचा प्रकार मी अन्यत्र डोळ्यांनी पाहिला आहे. जॅक घसरला तर ती स्प्रिंग माणसाचा जबडा किंवा जीव घेऊन जाईल. बाहेरून आकड्यांनी पकडणारे नेहमीचे स्प्रिंग कॉम्प्रेसरही इथे चालत नाहीत, कारण त्यांना पुरेशी जागाच नसते. इथे लागतो तो वेटोळ्यांत दोन चकत्या अडकवून मधल्या बोल्टने आवळण्याचा खास कॉम्प्रेसर, आणि तो या कार्यशाळेत होता. ज्या गॅरेजमध्ये तो नसेल तिथे या कामाला गाडी लावू नये, इतके मी निःशंकपणे सांगतो. तो चालवताना मालकांनी मला आणि चहावाल्या पोराला दाराबाहेर उभे केले, हेही मला आवडले.

डावी स्प्रिंग बाहेर आली आणि गुपित उघडे पडले. तिच्या खालच्या टोकाचे सुमारे अर्धे वेटोळे तुटलेले होते आणि तो तुकडा आर्मच्या वाटीत, काळ्या मातीच्या गच्च थराखाली, गाडलेला होता. रावेरच्या केळीच्या बागांमधील चिखल त्या वाटीत वर्षानुवर्षे साचला, त्यात ओल टिकली, रंगाचा टवका उडाला तिथे गंज धरला आणि गंजापासून तडा गेला. गाडीखाली वाकून बॅटरी मारली तरी हे दिसत नाही, कारण तुटलेले टोक वाटीच्या काठामागे असते. चिखल काढून बोटाने चाचपावे लागते. आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणीही बोट घातले नव्हते.

दुसरी गंमत वरच्या रबरी गादीत होती. या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगेवर बसणारी गादी चार जाडींत मिळते आणि जाडी ओळखण्यासाठी तिच्या कडेला एक ते चार उंचवटे असतात: एक म्हणजे ८ मिलिमीटर, दोन म्हणजे १३, तीन म्हणजे १८ आणि चार म्हणजे २३. माझ्या गाडीत उजवीकडे दोन उंचवट्यांची आणि डावीकडे तीन उंचवट्यांची गादी निघाली. दोन बाजूंच्या गाद्यांत एका पायरीचा फरक असणे गैर नाही, पण इथे कोणीतरी बसलेला कोपरा उचलण्यासाठी ती मुद्दाम घातलेली दिसत होती. गादीतील पाच मिलिमीटर चाकापाशी दीडपटीच्या आसपास होतात, म्हणजे सात-आठ मिलिमीटर. ते आपल्या १९ मध्ये मिळवले की डाव्या बाजूची खरी तूट पंचवीसच्या पुढे जाते. अर्ध्या तुटलेल्या वेटोळ्याशी हा हिशेब जुळतो, आणि तो जुळल्यावर मालकांनी वहीत त्या ओळीखाली रेघ मारली.

उजवी स्प्रिंग तुटलेली नव्हती, तरीही त्यांनी दोन्ही बदलण्याचा आग्रह धरला. मी कुरकुर केली. नवी स्प्रिंग आल्यावर त्यांनी दोन्ही फरशीवर शेजारी उभ्या केल्या. जुनी बोटभर बुटकी होती. माझी कुरकुर तिथेच संपली.

सुटे भाग मागवण्यात मात्र एकोणीस दिवस गेले आणि त्यात थोडा दोष माझा आहे. मी उतावीळपणे मुंबईच्या एका विक्रेत्याला 'ई क्लासच्या पुढच्या स्प्रिंगा' असे सांगून पैसे पाठवले होते. डब्ल्यू १२४ साठी अशी एकच स्प्रिंग नसते. इंजिन कोणते, वातानुकूलन आहे का, आणखी कोणती जड उपकरणे बसवली आहेत, या प्रत्येकाला मर्सिडीजने गुण ठरवून दिले आहेत. गुणांची बेरीज करून स्प्रिंगचा क्रमांक आणि गादीची जाडी ठरते. डिझेल गाडीची स्प्रिंग पेट्रोल गाडीत घातली तर नाक वर काढून उभी राहील. मालकांनी माझ्याकडून चॅसिस क्रमांक घेतला, जुन्या स्प्रिंगच्या टोकावर ठोकलेला क्रमांक वायर ब्रशने घासून वाचला, दोन्हींची सांगड घातली आणि माझी मागणी रद्द करून योग्य जोडी मागवली. विक्रेत्याने पैसे परत केले, वाहतूक खर्च मात्र कापून घेतला.

जोडणीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण इतरत्र ती हमखास चुकते. आर्मचे बुश रबराचे असतात आणि त्यांचा बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी जॅकवर, आर्म लोंबकळता असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते. उंची खोटी वाढलेली दिसते, चाल कडक होते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. या लोकांनी नवे बुश बसवून बोल्ट नुसते अडकवले, गाडी चाकांवर उतरवली, फळ्यांवरून पिटवर घेतली, पुढे दोघे जण बसवून हिंदकळवली, मग त्यांना उतरवून आणि वजन चाकांवर ठेवूनच बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळले. हे काम खाली वाकून, अडचणीत करावे लागते आणि त्याला जवळजवळ दीड तास लागला. घाईचे गॅरेज हाच दीड तास वाचवते.

खर्च असा आला: स्प्रिंगांची जोडी १९,४०० रुपये, दोन गाद्या २,८०० रुपये, आर्मचे चार बुश ६,२०० रुपये आणि मजुरी ७,५०० रुपये, एकूण ३५,९०० रुपये. अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही. ते काम अजिंठा चौफुलीच्या बाजूला दुसरीकडे १,२०० रुपयांत करून घ्यावे लागले. या गाडीत चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) आर्मच्या विकेंद्री बोल्टांनी जुळवतात, आणि 'फक्त टो करून देतो', म्हणजे चाकांची तोंडे तेवढी सरळ करून देतो, म्हणणाऱ्याला ते येत नाही. त्यामुळे मालकांनी आपला माणूस सोबत पाठवला; त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तक्रारी तीन आहेत. पहिली, अंदाजपत्रक तोंडी होते. आकडे पुढे तसेच निघाले, पण पंचवीस हजारांच्या वरच्या कामाला कागद हवाच. दुसरी, फोन उचलण्याचा आळस. एकोणीस दिवसांत त्यांनी स्वतःहून एकदाही कळवले नाही आणि दर दोन-तीन दिवसांनी मला वसाहतीत चक्कर मारावी लागली. बसायला बाकही नाही. तिसरी तक्रार गंभीर आहे. पुढचा भाग सरासरी २७ मिलिमीटर वर आला आणि गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २,८०० मिलिमीटर आहे, म्हणजे दिव्यांचा झोत सुमारे एक टक्क्याने वर गेला. दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर. हेडलाइटचा खालचा झोत साधारण तेवढाच उतार देऊन जुळवलेला असतो. तो सगळा उतार नाहीसा झाला आणि रात्री भुसावळहून परतताना समोरचा प्रत्येक ट्रक मला दिवे मारून शिव्या देत होता. गाडीची उंची बदलली की हेडलाइट पुन्हा जुळवायचे असतात, हे एवढे मोजमाप करणाऱ्या माणसांच्या ध्यानात कसे राहिले नाही, याचे मला नवल वाटले. दुसऱ्या दिवशी तसे बोलून दाखवले तेव्हा वडिलांनी मुलाकडे पाहिले, मुलाने वहीकडे पाहिले, आणि गाडी भिंतीसमोर लावून अर्ध्या तासात दिवे जुळवून मिळाले.

चालीत पडलेला फरक मोठा आहे. एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाताना गाडी पुन्हा तशी वाहू लागली आहे, जशी मामा चालवत असताना मागच्या सीटवर बसून मी अनुभवली होती: खड्डा कळतो, पण अंगाला लागत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून-उतरून पाहिला. वळणात आधी जो डावा खांदा टेकत असे तो आता टेकत नाही. गतिरोधकावर बंपर घासणे पूर्ण थांबले. आतल्या कडेने झिजलेला डावा टायर मात्र वाया गेला, तो बदलावाच लागला.

काम झाले त्या दिवशी उजवीकडे ३७७ आणि डावीकडे ३७५ मिलिमीटर भरले होते, आणि गाडी किंचित उंच दिसते म्हणून मी साशंक होतो. नव्या स्प्रिंगा आणि गाद्या सुरुवातीला थोड्या बसतात, आठशे किलोमीटरनंतर पुन्हा या, असे त्यांनी सांगितले होते. जानेवारीच्या शेवटी गेलो. फोन नेहमीप्रमाणे उचलला गेला नव्हता, पिटवर एक जुनी कॉन्टेसा होती आणि मला तासभर उन्हात उभे राहावे लागले. मग त्यांनी तीच वही काढली, तेच पान उघडले, हवा तपासली, गाडी पुढे-मागे ढकलली आणि जुन्या आकड्यांखाली नवे आकडे लिहिले: उजवीकडे ३७१, डावीकडे ३७०. पैसे विचारले तर मालक म्हणाले, "मोजायचे कसले पैसे, सर?"